शेजाऱ्यावर, आणि स्वतःवरही

दोन वर्षांपूर्वी आमच्या धर्मग्रामातील एका मातेच्या अंत्यविधीची मिस्सा आम्ही अर्पण केली. पती रेल्वेच्या नोकरीतून निवृत्त होऊन काही वर्षांपूर्वीच निवर्तलेले. पदरी तीन मुले. ही माउली घरी शिलाईयंत्रावर शालेय गणवेश शिवीत असे. सोलापुरात हे काम अनेक घरांत चालते. कापलेले कापड आणायचे, शिवून परत पोचवायचे आणि नगावर मजुरी घ्यायची. तिच्या घरी आम्ही केव्हाही गेलो, तरी यंत्र बंद असलेले आम्हांस आठवत नाही. आम्ही दारात दिसलो की ती उठे, चहा ठेवी आणि चहा उकळेपर्यंत पुन्हा दोन शिवणी मारून घेई.

अशा मातेविषयी प्रवचनात जे बोलले जाते, तेच आम्ही त्या दिवशी बोललो. ती चंदनासारखी झिजली. वेदीवरील मेणबत्तीप्रमाणे स्वतः जळून तिने घराला प्रकाश दिला. स्वतःसाठी तिने एक क्षणही राखून ठेवला नाही. लोकांनी डोळे पुसले. आम्हांलाही आपण योग्य तेच बोललो असे वाटले.

दफनविधीनंतर तिची थोरली मुलगी आमच्यापाशी आली. ती म्हणाली, "फादर, राग मानू नका. आईने छातीतली गाठ वर्षभर लपवली. धाकटीचं लग्न व्हायचं होतं, साठवलेला पैसा मोडायला नको म्हणून. वर्षभर आधी आणलं असतं तर काही करता आलं असतं, असं डॉक्टर म्हणाले. तुम्ही तिला मेणबत्ती म्हणालात. आम्हांला मेणबत्ती नको होती, फादर. आई हवी होती."

आमच्यापाशी उत्तर नव्हते. तिच्या मस्तकावर हात ठेवून आम्ही घरी परतलो. त्या रात्री, आणि त्यानंतरच्या अनेक रात्री, एकच प्रश्न मनात घोळत राहिला. पस्तीस वर्षांपूर्वी सेमिनरीत पाऊल ठेवल्यापासून आम्ही त्यागाचे धडे घेतले आणि दिलेही. तो त्याग शिकविताना आम्ही नकळत दुसरेच काही तर शिकवीत आलो नाही ना? ख्रिस्ती माणसाने स्वतःची काळजी घ्यावी काय? घेतली, तर तो स्वार्थ ठरतो काय?

संशयाचे मूळ

आपल्या मराठी मनाला झिजण्याचे मोठे कौतुक आहे. घरातील बाई सर्वांच्या मागून जेवते आणि तव्यावरची शेवटची, करपलेली भाकरी आपल्या ताटात घेते, याचे आपल्याला दुःख होत नाही; उलट तिची गणना सोशिक म्हणून होते. ताप अंगावर काढणाऱ्या पुरुषाला आपण कष्टाळू म्हणतो. जो दुपारी घटकाभर आडवा होतो, त्याच्याकडे मात्र थोडे वेगळ्या नजरेने पाहिले जाते. त्यात आपण ख्रिस्ती. स्वतःला नाकारून, आपला क्रूस उचलून मागे येण्याचे प्रभूचे पाचारण आपण बालपणापासून ऐकलेले. या दोन्ही संस्कारांची गाठ पडली, की स्वतःची काळजी हा शब्दच संशयास्पद वाटू लागतो.

परंतु प्रभूने नाकारावयास सांगितले ते काय? माणसाच्या मनात एक लहानसे सिंहासन असते आणि त्यावर 'मी' बसलेला असतो. त्या 'मी'ला खाली उतरवून तेथे देवाला बसवावयाचे, हे खरे आत्मत्यजन होय. देवाने घडविलेल्या देहाला उपाशी ठेवणे, त्याच्या दुखण्याकडे पाठ फिरविणे, हे त्याचे दुसरे नाव नव्हे. किंबहुना पुष्कळदा याच्या उलटेच घडते. आपल्यावाचून घराचे पान हलणार नाही, आपण क्षणभर बसलो तर जग थांबेल, या समजुतीत 'मी' सिंहासनावरून खाली उतरलेला नसतो. कष्टाचा पदर पांघरून तो तेथेच बसलेला असतो.

गव्हाचा दाणा भूमीत पडून मेल्यावाचून पीक येत नाही, हे प्रभूचे सांगणे आपण वरचेवर ऐकतो. आमच्या सोलापूर जिल्ह्यातील ज्वारी पिकविणाऱ्या शेतकऱ्याला विचारून पाहावे. पेरणीसाठी तो किडका, पोचट दाणा घेत नाही. भरलेली कणसे निवडून, वाळवून, जपून ठेवलेले बियाणेच तो भूमीच्या हवाली करतो. जुन्या करारातही वेदीवर अर्पावयाचा पशू निर्दोष असावा, असा नियम होता. जे अर्पण करावयाचे, ते आधी सांभाळावे लागते.

आणि मग ती आज्ञा, जिच्यावर सारे नियमशास्त्र व संदेष्टे अवलंबून आहेत असे प्रभूने सांगितले. शेजाऱ्यावर प्रीती करावयाची, ती कशी? तर स्वतःवर करतो तशी. या वाक्यातील पहिल्या अर्ध्या भागावर आम्ही शेकडो प्रवचने दिली असतील. दुसऱ्या अर्ध्या भागावर एकही दिल्याचे स्मरत नाही. जो माप म्हणून दिला आहे तो शेरच फुटका असेल, तर त्या मापाने शेजाऱ्याच्या पदरात काय पडणार?

देवदूताने दिलेली भाकर

राजांच्या पहिल्या ग्रंथात एलिया संदेष्ट्याची कथा आहे. राणी ईजबेलच्या भयाने पळालेला हा देवमाणूस अरण्यात एका झुडपाखाली बसतो आणि देवाजवळ मरण मागतो. कार्मेल पर्वतावर ज्याने एवढा पराक्रम गाजविला, तोच आता थकून जीव नकोसा झाला म्हणतो. देव त्याला काय देतो? उपदेश देत नाही, त्याच्या अल्पविश्वासाबद्दल बोलही लावीत नाही. देवदूत येतो तो निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याचे भांडे घेऊन. एलिया खातो, पितो आणि पुन्हा झोपी जातो. देवदूत त्याला झोपू देतो. मग दुसऱ्यांदा उठवून पुन्हा जेवू घालतो. त्या अन्नाच्या बळावर तो चाळीस दिवस व चाळीस रात्री चालून होरेब पर्वतावर पोचतो. देवाची वाणी त्याला तेथे ऐकू येते. आधी भाकर आणि झोप, मग वाणी, हा क्रम आमच्या ध्यानात फार उशिरा आला.

प्रभू येशूही वादळात नावेच्या मागच्या भागी उशी घेऊन झोपला होता. प्रेषित सेवाकार्याहून परतले आणि येणाऱ्याजाणाऱ्यांच्या गर्दीत त्यांना जेवावयासही सवड उरली नाही, तेव्हा त्याने त्यांना एकांतात येऊन थोडी विश्रांती घेण्यास सांगितले. त्या दिवशीही गालीलात आजारी माणसे होती आणि भुकेलेही होते. तरीदेखील प्रभूला आपल्या माणसांचे जेवण राहिले आहे हे दिसले.

ख्रिस्तसभेच्या थोर गुरूंनीही हे जाणले होते. तेराव्या शतकातील संत थॉमस अक्वायनस यांनी आपल्या 'सुम्मा थिओलॉजिया' या ग्रंथात दुःखावरील उपायांचा विचार केला आहे. मित्रांची सहानुभूती, अश्रू, सत्याचे चिंतन या उपायांबरोबरच त्यांनी झोप आणि स्नान यांनाही तेथे स्थान दिले आहे. सेमिनरीत हा भाग वाचताना आम्ही तरुण विद्यार्थी हसलो होतो. एवढ्या मोठ्या तत्त्वज्ञाने अंघोळीविषयी लिहावे, याची आम्हांस गंमत वाटली होती. आज हसू येत नाही.

असिसीकर संत फ्रान्सिस आपल्या देहाला भाऊ म्हणत, आणि कधी थट्टेने गाढवही म्हणत. उपवास, जागरणे व कष्ट यांनी त्यांनी त्या भावाला फार राबविले. १२२६ साली, वयाच्या चव्वेचाळिशीच्या सुमारास ते निवर्तले. अखेरच्या दिवसांत त्यांनी या भावाची क्षमा मागितली, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. संताने अखेरीस ज्या गोष्टीची क्षमा मागितली, तिचे अनुकरण मात्र आपण जन्मभर करतो.

याच संदर्भात बाराव्या शतकातील संत बर्नार्ड यांचे स्मरण होते. त्यांच्या मठातील एक संन्यासी ११४५ साली पोप युजीन तिसरे झाले. त्या शिष्याला बर्नार्डांनी लिहिलेल्या ग्रंथाचा आशय असा की, तुम्ही सर्वांचे झाला आहात, तर त्या सर्वांत तुमची स्वतःचीही गणना असू द्या. दुसऱ्या एका ठिकाणी ते माणसांचे दोन प्रकार सांगतात. काही पाटासारखे असतात. येईल ते पाणी लगेच पुढे वाहून नेतात. काही तलावासारखे असतात. आधी भरतात आणि मग भरून वाहतात. आपण तलाव व्हावे, असा त्यांचा आग्रह आहे.

सोलापूरकराला हे उदाहरण समजावून सांगावे लागत नाही. उजनी भरली की आमच्या जिल्ह्यात आनंद पसरतो. उन्हाळ्यात तिचा साठा शून्याच्या खाली जातो, आणि मृतसाठ्यातून पाणी उचलण्याची पाळी येते. तेव्हाही नळाला पाणी येतेच. पण उशिरा येते, गढूळ येते आणि त्यासाठी बायकांना अपरात्री जागावे लागते. आमच्या धर्मग्रामातील कितीतरी माणसे अशी वर्षानुवर्षे मृतसाठ्यावर चाललेली आम्ही पाहिली आहेत. त्यांच्याकडून घराला पाणी मिळते, पण ते पाणी गढूळ असते.

डॉक्टर कोटणीसांचे काय?

येथे एखादा विचारी वाचक आम्हांस थांबवील. तो म्हणेल, "फादर, तुम्ही सोलापुरात राहता. या शहराने ज्यांच्यावर अभिमानाने छाती फुगवावी, ते डॉ. द्वारकानाथ कोटणीस स्वतःची काळजी घेत बसले असते, तर?"

प्रश्न रास्त आहे. १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापुरात जन्मलेला हा डॉक्टर १९३८ साली पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकाबरोबर युद्धग्रस्त चीनमध्ये गेला. बाकीचे चौघे कालांतराने मायदेशी परतले. हा तेथेच राहिला. रणांगणामागे, मिळेल त्या जागी त्याने जखमींवर शस्त्रक्रिया केल्या. एका मोठ्या लढाईच्या वेळी तो सलग बहात्तर तास न झोपता शस्त्रक्रिया करीत होता, असे सांगितले जाते. १९४१ साली तो कॅनेडियन डॉक्टर नॉर्मन बेथ्यून यांच्या नावाच्या रुग्णालयाचा संचालक झाला. ९ डिसेंबर १९४२ रोजी, अपस्माराच्या झटक्यांनी, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी त्याने प्राण सोडले. मागे तरुण पत्नी आणि चार महिन्यांचेही न झालेले मूल होते. स्वतः बेथ्यूनही त्याच युद्धात १९३९ साली गेले होते. हातमोज्यांवाचून शस्त्रक्रिया करताना बोट कापले, जखम चिघळली आणि विष रक्तात भिनले.

या दोघांपुढे आम्ही नतमस्तक आहोत. पण त्यांचे उदाहरण घरातील दुखणे लपविणाऱ्या मातेला लागू करण्याआधी थोडा विचार केला पाहिजे. संत थॉमस यांनी येथेही वाट दाखविली आहे. स्वतःच्या देहाची काळजी घेणे हे प्रत्येकाकडे थेट सोपविलेले काम आहे, असे ते म्हणतात. शेजाऱ्याच्या कल्याणासाठी आपला देह धोक्यात घालणे प्रीतीच्या नियमाने सर्वांना सर्वकाळ बंधनकारक नाही. तशी निकड उभी राहिली, किंवा तशी जबाबदारी आपल्यावर असली, तर गोष्ट वेगळी. आणि कोणी आपखुशीने असे अर्पण केले, तर ती प्रीतीची परिपूर्णता होय.

यातून आम्हांस तीन प्रश्न सुचले. पहिला, निकड खरी आहे काय? रणांगणावर रक्त वाहणाऱ्या जखमीला उद्या या असे सांगता येत नाही. लग्नाचा मांडव मात्र लहान घालता येतो. दुसरा, हे अर्पण आपखुशीने केलेले आहे काय? चीनला जाण्याची निवड कोटणीसांनी स्वतः केली होती. आपल्या घरातील कितीजणींना अशी निवड करण्याची संधी मिळते? आणि तिसरा, या त्यागाची किंमत कोण मोजणार आहे? त्या मातेने वाटून घेतले की किंमत आपणच मोजतो आहोत. प्रत्यक्षात तिची मुले ती आजही मोजत आहेत.

हे तीन प्रश्न विचारून जो पुढे जातो, त्याला आम्ही वंदन करतो. जो प्रश्नच न विचारता केवळ सवयीने झिजतो, त्याला अडविणे हे मात्र आपले कर्तव्य आहे.

रविवार कोणाचा?

स्वतःची काळजी घ्या, असे सांगणे सोपे आहे. पण विसावा मिळण्यासाठी इच्छा पुरत नाही, सवड लागते. आणि ती पुष्कळदा दुसऱ्याच्या हाती असते.

सोलापूर हे एकेकाळी गिरण्यांच्या भोंग्यावर चालणारे शहर होते. जुनी गिरणी १८७७ साली सुरू झाली आणि तिच्यामागून इतर गिरण्या आल्या. त्या काळी गिरणी कामगाराला आठवड्याची हक्काची सुट्टी नव्हती. मुंबईत महात्मा फुले यांचे सहकारी आणि 'दीनबंधु'चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी यासाठी लढा उभारला. एप्रिल १८९० मध्ये महालक्ष्मीच्या मैदानावर सुमारे १०,००० कामगार जमले. त्या सभेत दोन स्त्री कामगारांनीही उभे राहून भाषणे केली. १० जून १८९० रोजी मुंबईच्या गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. पुढच्याच वर्षी सरकारच्या कारखाना कायद्याने साप्ताहिक सुट्टीला आधार दिला. आणि त्याच १८९१ सालच्या मे महिन्यात पोप लिओ तेरावे यांनी 'रेरुम नोव्हारुम' हे परिपत्रक प्रसिद्ध करून कामगाराच्या विश्रांतीचा हक्क जगापुढे मांडला. आपल्या ख्रिस्ती माणसाला रविवार हा प्रभूचा वार, महाराष्ट्रातील बहुजनांना तो खंडोबाचा वार. पण तो विश्रांतीचा वार झाला तो कष्टकऱ्यांच्या लढ्यातून, याचे आपल्याला विस्मरण होऊ नये.

पुढे सोलापुरातील त्या गिरण्या एकामागून एक बंद पडल्या आणि भोंगे थांबले. घराघरांतून चालणारे काम मात्र थांबले नाही. पूर्व भागातील कोणत्याही गल्लीतून जावे. उंबऱ्यात मांडीवर सूप घेऊन विड्या वळणाऱ्या स्त्रिया दिसतात. तेंदूचे पान भिजवायचे, कात्रीने कापायचे, तंबाखू भरून वळायचे आणि दोऱ्याने बांधायचे; मजुरी हजार विड्यांच्या हिशेबाने. या कामगारांसाठी १९६६ आणि १९७६ साली कायदे झाले, त्यांचा आधारही झाला. परंतु घरी बसून नगावर काम करणाऱ्या बाईला सुटीचा भोंगा कोण वाजविणार? तिने हात थांबविला की तेवढी मजुरी थांबते. हात थांबविला नाही, तर पाठ, मान आणि छाती तक्रार करू लागतात. शिलाईयंत्रावरील आमच्या त्या मातेची कथाही हीच. अशा बाईला विश्रांती घे म्हणून उपदेश करणारा, आणि तिने पोचविलेल्या मालाचे दाम पाडून मागणारा, हा एकच माणूस असू शकतो. म्हणून स्वतःची काळजी हा एकट्याने आचरावयाचा सद्गुण नाही. आपल्या हाताखालच्या माणसाला आपण कोणते दाम देतो आणि कोणता दिवस मोकळा ठेवतो, हाही त्याच सद्गुणाचा भाग आहे.

शब्बाथाच्या आज्ञेत हे स्पष्ट आहे. विसावा कोणी घ्यावयाचा, याची तेथे यादीच दिली आहे. तू, तुझा मुलगा, तुझी मुलगी, दास, दासी, गुरेढोरे आणि तुझ्या वेशीच्या आत राहणारा परका. ही यादी आम्ही लहानपणापासून पाठ म्हणत आलो. पण तिच्यात पत्नीचे वेगळे नाव नाही, हे आम्हांस अलीकडेच जाणवले. शास्त्राचे जाणकार सांगतात की 'तू' या शब्दात पती व पत्नी दोघेही येतात. ते खरेच आहे. पण आपल्या घरांत मात्र हे नाव खरोखरीच गळलेले दिसते.

आपल्या शेतकऱ्याची पोळ्याची रीत पाहा. आदल्या दिवशी बैलांचे खांदे शेकायचे, हळद आणि लोणी लावून मळायचे. याला खांदेमळणी म्हणतात. सणाच्या दिवशी बैलाला औताला जुंपायचे नाही, त्याला सजवायचे, पुरणपोळी खाऊ घालायची. वर्षभर ज्याने जू वाहिले त्याच्या खांद्याची एवढी कदर करणारी ही संस्कृती थोर आहे. पण ती पुरणपोळी कोणी केली? पहाटेपासून पुरण शिजवून, वाटून, धुरात बसून जिने ती लाटली, तिच्या खांद्याला त्या दिवशी कोणाचा हात लागला? आपल्या ख्रिस्ती घरांतही नाताळात आणि ईस्टरला याहून वेगळे काही घडत नाही. मिस्सेला सर्वांत शेवटी पोचणारी आणि जेवणाच्या काळजीने सर्वांत आधी निघणारी कोण असते, हे आम्हांला वेदीवरून दिसते.

आमचा स्वतःचा हिशेब

दुसऱ्यांना शिकविताना स्वतःचे लपविणे बरे नव्हे. काही वर्षांपूर्वी आम्हांला मधुमेह असल्याचे निदान झाले. डॉक्टरांनी वेळेवर जेवण, रोजचे चालणे आणि पायांची निगा सांगितली. आम्ही मान डोलावली आणि विसरून गेलो. रविवारी तीन ठिकाणी मिस्सा, आठवडाभर शाळेची कामे आणि खेड्यांतील घरभेटी. दुपारचे जेवण कधी चारला, तर कधी नाहीच. सोलापूरच्या मे महिन्यात, पारा चाळिशीच्या वर असताना स्कूटरवरून खेडी पालथी घालण्यात आम्हांला, खरे सांगायचे तर, भूषण वाटत होते.

त्याच काळात एक वृद्ध गृहस्थ भर दुपारी आमच्याकडे आले. मुलगा दारू पितो, काही बोलायचे आहे, असे म्हणाले. आमचे डोके भणभणत होते. आम्ही तुटकपणे म्हणालो, "रविवारी या." ते रविवारी आले नाहीत. नंतरही आले नाहीत. चाळीस खेड्यांत फिरून आम्ही सुवार्ता सांगत होतो, आणि दारी आलेल्या एका माणसासाठी आमच्यापाशी दहा मिनिटांचे सौजन्य शिल्लक नव्हते.

मग पायाला एक लहानशी जखम झाली. दुखत नाही म्हणून दुर्लक्ष केले. मधुमेहात ती दुखत नाही हेच धोक्याचे असते, हे माहीत असूनही केले. जखम चिघळली. तीन आठवडे रुग्णालयात काढावे लागले आणि पुढे दोन महिने खेड्यांतील मिस्सा बंद राहिल्या. रोज अर्धा तास वाचवून आम्ही जे काही मिळविले होते, ते सर्व आणि त्याच्या अनेकपट, परत द्यावे लागले. अंथरुणावर पडून हिशेब मांडताना कळले की ज्याला आम्ही त्याग समजत होतो, त्यात अर्धा तरी अभिमान होता.

आता आम्ही वेळेवर जेवतो. पहाटे प्रार्थनेआधी अर्धा तास चालतो. दुपारी वीस मिनिटे दार लावून पडतो, आणि ते लपवीत नाही. फळ काय? कामे फारशी कमी झाली नाहीत. पण पापनिवेदनाला आलेल्या माणसाचे बोलणे आता शेवटपर्यंत ऐकू येते. शाळेतील मुलांवर आवाज चढत नाही. विसरभोळेपणा घटला आहे. प्रार्थनेत झोप येत नाही, कारण झोप तिच्या वेळी झालेली असते.

धर्मग्रामातील कुटुंबांतही हेच पाहावयास मिळते. आमच्याकडील एका परिचारिकेने रात्रपाळीहून आल्यावर थेट स्वयंपाकाला लागण्याची सवय मोडली. नवऱ्याने सकाळचा स्वयंपाक शिकून घेतला. पहिले काही दिवस भात कच्चा राहिला आणि सासूबाईही थोड्या रागावल्या. आज त्या घरातील मुलांना आई चिडलेली दिसत नाही, आणि बापाच्या हातची खिचडी त्यांना आवडते. जी मुले आईबापांना विश्रांती घेताना पाहतात, ती पुढे स्वतःचे दुखणे लपवीत नाहीत. हा वारसा जमिनीच्या तुकड्याहून मोठा आहे.

सीमारेषा कोठे?

तरीही सावध राहिले पाहिजे. हल्ली स्वतःची काळजी हा एक बाजारही झाला आहे. महागडी प्रसाधने, सहली, उपचार यांच्या जाहिराती माणसाला सांगतात की तू स्वतःसाठी एवढे खर्च करावेस, कारण तुझी तेवढी योग्यता आहे. म्हाताऱ्या आईचे औषधपाणी टाळून मनःशांती शोधावयास निघालेला मुलगा काळजी घेत नसतो. तो पळ काढीत असतो. विसावा घेऊन माणूस आपल्या माणसांकडे अधिक मोकळ्या मनाने परतला, तर ती काळजी खरी. परतलाच नाही, तर तो स्वार्थ. ही साधी कसोटी आम्ही मानतो.

प्रभूने प्रेषितांना एकांती नेले, त्या प्रसंगाचा शेवटही ध्यानात ठेवावा. नाव किनाऱ्याला लागली, तेव्हा लोक आधीच तेथे पोचले होते. मेंढपाळ नसलेल्या मेंढरांसारखे ते त्याला दिसले आणि त्याला त्यांचा कळवळा आला. विसाव्याचा बेत त्याने बाजूला ठेवला. निकड आली की उठावेच लागते. पण त्याने आपल्या मित्रांना विश्रांतीला बोलावले होते हे खरे, आणि लोकांना जेवू घालून झाल्यावर तो स्वतः प्रार्थनेसाठी डोंगरावर एकटा गेला, हेही खरे. त्याच्या जीवनात दोन्ही गोष्टींना जागा होती. आपल्या जीवनातून यांपैकी एक हद्दपार झाली आहे.

वाचकहो, आपल्या घरापासून प्रारंभ करावा. आपल्या घरात शेवटी कोण जेवते, ते आज रात्री पाहावे. कोणाचे दुखणे बरेच दिवस उद्यावर ढकलले जात आहे, ते विचारावे. आणि उत्तर काही नाही असे आले, तर पुन्हा विचारावे. आठवड्यातील एक प्रहर असा ठरवावा की ज्या वेळी घरातील बाईला कोणी हाक मारणार नाही. आणि रोज रात्री विवेकपरीक्षा करताना, देवाविरुद्ध व शेजाऱ्याविरुद्ध काय चुकले हे आठवून झाल्यावर एक प्रश्न अधिक विचारावा. तू माझ्या स्वाधीन केलेल्या या देहाला आणि जिवाला मी आज कसे वागविले?

गेल्या वर्षी त्या मातेच्या वर्षश्राद्धाची मिस्सा होती. तिन्ही मुले आली होती. थोरलीने आम्हांला हळूच सांगितले की तिने स्वतःची तपासणी करून घेतली आहे आणि धाकट्या बहिणीलाही बरोबर नेले होते. वेदीपुढे मेणबत्त्या जळत होत्या. या वेळी आम्ही त्यांचा दृष्टान्त दिला नाही. आम्ही एवढेच म्हणालो की या मातेने आपणा सर्वांवर फार प्रीती केली, आणि आपण तिला विश्रांती न देता ती करू दिली. तिच्यासाठी आपण चिरविश्रांती मागतो आहोत. पण तिच्या हयातीत थोडी विश्रांती देणे आपल्या हाती होते. त्याबद्दल देवाने आणि तिने आपल्याला क्षमा करावी.

मिस्सेनंतर नेहमीप्रमाणे चहा झाला. थोरलीच्या हातून किटली तिच्या नवऱ्याने काढून घेतली आणि तो सर्वांना चहा देऊ लागला. ती खुर्चीवर बसली. आम्ही तिच्या शेजारी बसून चहा घेतला.